शनिवारच्या तासाला न सांगितलेली चूक

सुजाताताई,

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हेडमास्तरांनी मला पुढं ढकललं. म्हणाले, "तुम्ही रोजच्या सोबतीच्या, तुम्हीच बोला." तुमच्या फोटोला हार घातलेला, समोर तुमच्या वर्गातली पोरं पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसलेली, दाजी खाली मान घालून. मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "सुजाता मॅडम फार चांगल्या होत्या." मग खाली बसले. गणिताचे सर नंतर कुणाला तरी सांगत होते, मंगल मॅडमला फार लागलंय, शब्दच फुटंना. लागलं तर होतंच, पण शब्द त्याच्यामुळं अडला नव्हता. मला तुमचा राग आला होता. गेलेल्या माणसावर चारचौघांत ओरडता येत नाही म्हणून बसले. आता इथं ओरडते. ऐकून घ्या, तुम्हाला आता कुठली एसटी पकडायची घाई नाही.

एसटीत खिडकी कायम तुमची. "मला मळमळतं गं, मंगल." मळमळत-बिळमळत काही नव्हतं, तुम्हाला खिडकी आवडायची, आणि हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. वसमतच्या स्टँडवर गाडी लागायच्या आधी तुम्ही रुमाल घेऊन तयार. आत शिरून रुमाल टाकायचात आणि मला हाक मारायचात, जागा धरलीय म्हणून. शाळेच्या गावापर्यंत आपण किती बोललो असू, त्याला काही मोजमाप नाही. सून, सासू, भाजी, बदली, पोरांचे मार्क, कुणाच्या लग्नात कुणी काय नेसलं. मी विज्ञानाची, तुम्ही इंग्रजीच्या, तरी भांडण एकाच विषयावरून व्हायचं. तुमच्या शनिवारच्या तासावरून.

ज्यांनी तो तास पाहिला नाही त्यांना सांगून पटायचं नाही. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास तुमचा. त्या तासाला पुस्तक उघडायचं नाही. ज्याला त्याला उभं राहून सांगायचं की या आठवड्यात आपण काय बिघडवलं. बाकीचं वाक्य मराठीत असलं तरी चालेल, पण बिघडवल्याचा शब्द इंग्रजीच पाहिजे. स्लिप, मिक्स-अप, मेस-अप, गूफ-अप, बॉच. सांगून झालं की सगळ्या वर्गानं एका सुरात "ओके, नेक्स्ट" म्हणायचं. शिक्षा नाही, उपदेश नाही. आणि शेवटी तुम्ही स्वतःची एक सांगायचात.

मी पहिल्यांदा दारात उभी राहून ऐकलं तेव्हा एक पोरगी सांगत होती, "मॅडम, आय मेस्ड अप द भाकरी. मोबाईल पाहत होते, तव्यावर कोळसा झाला, आई यायच्या आत म्हशीला टाकली." ओके, नेक्स्ट. एका पोरानं मिक्स-अप केला होता. संध्याकाळी चरून आलेल्या गुरांतून शेजाऱ्याचं काळं वासरू घरी आणून आपल्या गाईखाली सोडलं. "गाईनं लाथ मारली तवा कळलं, मॅडम." तिसऱ्यानं मामाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कात्रीनं जुळ्या भावाचे केस कापले होते. "आय बॉच्ड इट," असं म्हणून त्यानं मागच्या बाकाकडं बोट दाखवलं. तिथं भाऊ टोपी घालून बसला होता. तुम्ही हसून हसून टेबलाला धरलंत. मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन म्हणाले होते, ह्या बाईनं वर्गाचा पार तमाशा करून टाकलाय.

तुम्हाला ते कळलं. रागावला नाहीत. एसटीत बसल्यावर सरळ विचारलंत, "काहून गं, तुला काय खुपलं?"

मी म्हणाले, "आपल्या भाषेत काय शब्द कमी हायेत का? चुकलं, फसलं, हुकलं, घोळ घातला, माती केली, पचका झाला. तुमच्या साहेबाकडून कशाला उसने आणायचे?"

तुम्ही खिडकीची काच ओढून घेतलीत. मग म्हणालात, "मंगल, 'माती केली' म्हणलं की मला माझ्या बापाचा हात दिसतो. वर उचललेला. आमच्या घरी तो शब्द आधी यायचा आन चापट मागून. तुझ्या ह्या सगळ्या शब्दांमागं कुणाचा न कुणाचा हात हाय. ह्या इंग्रजी शब्दांमागं कुणीच उभं न्हाई. लेकरू निवांत उभं राहून बोलतं."

मला ते लागलं, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. मी माघार घेतली नाही. "आन मग त्याला वाटायचं का न्हाई, की काही झालंच न्हाई? मेस्ड अप म्हणलं की सुटला."

"सुटू दे की. सुटल्यावरच माणूस सुधारतं."

"तुमचं आपलं काहीतरीच."

हे भांडण आपण वर्षानुवर्षं चालवलं. कधी तुमचं वर, कधी माझं. तुम्ही 'ब्लंडर' हा शब्द मात्र पोरांना देत नव्हता. एकानं कुठंतरी वाचून विचारलं होतं, तर म्हणालात, "तो मोठ्या माणसांचा शब्द हाय. त्यात करतं एक आन भोगतं दुसरंच. तुमाला अजून वेळ हाय." तेव्हा मला ते बरं वाटलं होतं. म्हणजे बाईला फरक कळतो, असं मनात आलं होतं.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या त्या शब्दांनी मलाही एकदा वाचवलंय. ते ऑनलाइन प्रशिक्षण आठवतं? कॅमेऱ्यासमोर इंग्रजीतून बोलायचं होतं. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्याच वाक्याला अडकले, सगळ्या जिल्ह्याचे मास्तर चौकोनांतून माझ्याकडं बघून राहिले. तुम्ही टेबलाच्या पलीकडून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा वाकून कुजबुजलात, "म्हण, सॉरी, आय गूफ्ड अप, लेट मी स्टार्ट अगेन." मी म्हणाले. तिकडचे साहेब हसले आणि म्हणाले, टेक युअर टाइम, मॅडम. पुढचं सगळं सुरळीत झालं. बाहेर आल्यावर मी तुम्हाला चहा पाजला, पण तुमचं म्हणणं बरोबर आहे असं काही म्हणाले नाही. ते राहिलंच. आता म्हणते. त्या दिवशीपुरतं तुमचं बरोबर होतं.

आता रागाचं सांगते.

गेल्या साली हळदीचा हंगाम जोरात होता. आपल्याकडं त्या दिवसांत काय असतं ते परमुलखातल्या माणसाला कळणार नाही. शिजवलेली हळद गच्चीवर, अंगणात, रस्त्याच्या कडेला, जिथं जागा मिळेल तिथं वाळत पडलेली. एसटीचे दांडे पिवळे, पोरांच्या वह्या पिवळ्या, दुकानदाराचे हात पिवळे. कपड्यावर पिवळं दिसलं तर कुणी मान वळवून बघत नाही. तुमच्या ब्लाउजच्या गळ्याशी पिवळं दिसलं तेव्हा मीसुद्धा एवढंच विचारलं, "ताई, घरी हळद आली वाटतं?"

"आली ना. दाजींच्या भावाची गच्चीवर घातलीय वाळत."

ती खरंच वाळत घातली होती. मी रविवारी तुमच्याकडं आले तेव्हा डोळ्यांनी पाहिली. मग काय शंका येणार? दुसऱ्या जिल्ह्यात असता तर स्टाफरूममधल्या एखाद्या बाईनं तरी विचारलं असतं, की रोज रोज हे पिवळं कशाचं? इथं कोण विचारतं. तुमच्या छातीत गाठ होती, तुम्ही तिच्यावर रोज रात्री हळदीचा लेप लावून वर फडकं बांधत होतात, आणि अख्ख्या पिवळ्या मुलखात तुमचा तो डाग बेमालूम लपून गेला.

हात सुजला आणि फळ्यावर लिहायला वर उचलेना, तेव्हा मी तुम्हाला धरून आणलं. दाजींना फोन केला आणि तिघं नांदेडला गेलो. डॉक्टरीण बाई भली होती. तिनं आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, कधीपासून आहे? तुम्ही दाजींकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि म्हणालात, "दहावीचे पेपर होते ना, मॅडम. म्हणलं, पेपर झाल्यावर दाखवू." पेपर झाले, सुट्ट्या लागल्या, सुट्ट्या संपल्या, पाऊस लागला. डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. दाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

तुम्ही, ताई, तुम्ही. सबंध वर्गाला दर शनिवारी उभं करून बोलायला लावणाऱ्या. भाकरी, वासरू, केस, सगळं ऐकून घेतलंत. त्या सगळ्या शनिवारी तासाच्या शेवटी स्वतःचीही सांगत होतात. साखरेऐवजी मीठ टाकलं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. पोरं हसायची. आणि आत फडकं बांधलेलं.

दवाखान्यात एका दुपारी दाजी औषधं आणायला खाली गेले होते. तुमचे केस गेले होते, डोक्याला ओढणी बांधली होती. तुम्ही माझ्याकडं पाहून हसलात आणि म्हणालात, "मंगल, आय बॉच्ड इट."

तुम्हाला वाटलं असेल मी म्हणेन, ओके, नेक्स्ट. मी पाण्याची बाटली उचलली आणि भरून आणते म्हणून बाहेर गेले. नळापाशी उभी राहिले, बाटली भरून वाहायला लागली तरी उभी राहिले. परत आले तर तुमचा डोळा लागला होता. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. मला म्हणायचं होतं की ताई, हा बॉच नाही. पोरांना जो शब्द देत नव्हता ना, तो हा. दाजी भोगून राहिले, तुमचा लेक भोगून राहिला, मी भोगून राहिले. आपलं भांडण मी जिंकले होते आणि मला ते जिंकायचं नव्हतं. मला तुम्ही पाहिजे होतात, खिडकीशी.

तुम्ही गेलात. माती झाली. मी घरी आले, शाळेत जायला लागले. आणि आता जे सांगणार आहे ते कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी अंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडं. हात तिथंच थांबला. पाणी अंगावर गार होऊन गेलं तरी मी पाटावर बसूनच. मग स्वतःला सांगितलं, मंगल, तुझ्या डोक्यात ताई बसल्यात, म्हणून हाताला भास होतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचपलं. होती. तिसऱ्या दिवशी चाचपलंच नाही, भराभर दोन तांबे ओतले आणि बाहेर आले. मी विज्ञान शिकवते, ताई. पेशींचं विभाजन फळ्यावर रंगीत खडूनं काढते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. त्या आठवड्यात नेमका तोच धडा आला आणि मी तो चित्र न काढता उरकून टाकला.

भीती अशी असते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं भीती म्हणजे धडधड, घाम. ही तशी नव्हती. ही सकाळी माझ्याआधी उठायची. मी पोळ्या लाटत असताना ही ओट्याशी उभी असायची. लेक ऋतू बारावीला आहे, ती पुस्तकातून डोकं वर काढून "आई, काय झालं?" म्हणाली की मी म्हणायची, "कुठं काय?" ह्यांच्याशी बोलताना मी पदर सारखा नीट करायला लागले. आणि एकदा दुपारी घरी कुणी नसताना माझा हात फळीवरच्या हळदीच्या डब्याकडं गेला. डबा उघडलाही. चमचा आत घातला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून राहिले. मी तिथंच खाली बसले. तुमच्यावर एवढी चिडलेली मी, आणि माझा हात बरोबर तुमच्याच वाटेनं निघाला होता.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्हाला पेपर आडवे आले नव्हते. तुम्ही घाबरला होतात. रात्री फडकं बांधताना, सकाळी सोडताना, एसटीत माझ्या शेजारी बसून सुनेच्या गमती सांगताना, तुम्ही घाबरलेल्याच होतात. मी खांद्याला खांदा लावून बसले होते आणि मला पत्ता नव्हता.

त्या शनिवारी हेडमास्तरांनी तुमचा तास मला दिला. मी नको म्हणाले होते. ते म्हणाले, पोरं विचारतात, कुणीतरी जा. वर्गात गेले. माझी कडक बाई म्हणून ख्याती, तोंड कोण उघडणार? शेवटी टोपीवाला पोरगा उठला. टोपी कधीच सुटली, मोठा झालाय, तरी मला तो टोपीवालाच. म्हणाला, "मॅडम, आय मेस्ड अप. सुजाता मॅडमच्या कार्यक्रमात मला हसू आलं. काहून आलं ठाऊक न्हाई." वर्ग माझ्याकडं पाहायला लागला. मग पोरंच म्हणाली, ओके, नेक्स्ट. त्यानंतर एकेक उठत गेलं. तास संपत आला तशी पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, आता तुमची."

मी म्हणाले, "माझं दूध उतू गेलं."

"ओके, नेक्स्ट."

घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पळाली. मी रिकाम्या वर्गात टेबलाला धरून उभी राहिले. दूध उतू गेलं नव्हतं, ताई. तुम्ही जे केलंत तेच मी केलं, त्याच वर्गात, त्याच टेबलापाशी. अशीच सांगत राहिले असते तर पुढच्या शनिवारी चष्मा, त्याच्या पुढच्या शनिवारी मीठ. मला माझा हार घातलेला फोटो दिसला. समोर ऋतू खाली मान घालून.

रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी सगळे घरात होते. हे शेतातून आलेले, पायावर हळदीच्या रानातला चिखल. हळद शिजवायचा आमचा कुकर उद्यापासून लागणार होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लसूण सोलत होत्या. ऋतू मोबाईल बघत होती. मी कपबशा खाली ठेवल्या आणि म्हणाले, "माझ्या छातीत गाठ हाय."

ऋतूचा मोबाईल तसाच वाजत राहिला, मग तिनं बंद केला.

ह्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"कळली तवापासून सांगितलं न्हाई."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "एवढी हळद शिजून होऊ दे. सालदार गड्याच्या भरवशावर सोडून कसं जमंल? मग निवांत जाऊ, चांगल्या डॉक्टरला दाखवू." त्यांचा आवाज घाबरलेला होता. मी ओळखते तो आवाज.

आत्याबाई उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, भिंतीला धरून उठतात. आत गेल्या आणि वाटी घेऊन आल्या. वाटीत हळद कालवलेली, गेल्या सालची, आपल्याच शेतातली. माझ्याजवळ बसल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "लेकी, काही होत न्हाई. रोज रातच्याला लाव. मी लावून देते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या मायेनं मला कुणी मरणाकडं न्यायला निघालं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं, त्यांना दुखलं असेल. म्हणाले, "आत्याबाई, हळद नको. सुजाताताईंनी हेच लावलं होतं. मला नांदेडला न्या. हळद शिजली न शिजली, मला उद्या न्या."

ऋतू रडायला लागली. हे उठले, बाहेर गेले, आणि बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आला. सालदाराला सांगत होते की उद्या कुकर लावू नको, आमी नांदेडला चाललो. आत्याबाईंनी वाटी मोरीत रिकामी केली.

उद्या सकाळच्या गाडीनं निघायचंय. काय निघेल ठाऊक नाही. साधी गाठ निघेल, नाहीतर दुसरं काही. मघापासून पिशवी तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. मी धीट झालेली नाही, ताई, तसं काही समजू नका. पण घरात सगळ्यांना कळलंय. भीती आता माझ्या एकटीच्या ओट्याशी उभी नाही, चौघांत वाटली गेलीय.

तुमच्याशी आता भांडायचं नाही. इंग्रजीतून सांगा की मराठीतून, मला काही फरक पडला नसता. एसटीत माझ्या कानाशी येऊन नुसतं "मंगल, इथं काहीतरी लागतंय" एवढं म्हणाला असतात, तर मी ड्रायव्हरला सांगून गाडी नांदेडला वळवली असती.

मी बोलले, ताई. तुमीबी बोलायला पायजे होतं.